एकपाद तपश्चर्येपासून वृक्षासनापर्यंत : तोलाच्या एका आसनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत करून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला. २०१५ पासून या दिवशी होणाऱ्या सामूहिक सरावासाठी भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने जो सामायिक योग अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात उभे राहून करावयाच्या आसनांमध्ये ताडासनानंतर लगेच वृक्षासनाचा क्रम लागतो. शरीराचा सर्व भार एका पायावर घेणे, दुसऱ्या पायाचा तळवा उभ्या पायाच्या मांडीच्या मुळाशी आतील बाजूने टेकवणे, दोन्ही हात डोक्यावर नेऊन तळवे जोडणे आणि समोरच्या एखाद्या बिंदूवर नजर स्थिर ठेवणे, एवढीच या आसनाची कृती आहे. त्यासाठी साधन लागत नाही आणि फारशी जागाही लागत नाही. त्यामुळे शाळेच्या मैदानापासून ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहापर्यंत ते सर्वत्र शिकविले जाते.

शिकविताना लाभही सांगितले जातात. पायांचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, एकाग्रता वाढते, मन शांत होते इत्यादी. त्याला जोडूनच बहुधा असेही सांगितले जाते की, हे सर्व लाभ आपल्या प्राचीन ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलेले आहेत. या विधानाचा पहिला भाग शरीरक्रियाशास्त्राने तपासावयाचा आहे. दुसरा भाग मात्र इतिहासाच्या कक्षेत येतो व त्याची चिकित्सा क्वचितच केली जाते. एका पायावर उभे राहण्याची प्रथा या देशात प्राचीन आहे, याविषयी शंका नाही. परंतु प्राचीन काळी ज्या हेतूने माणसे एका पायावर उभी राहत, तो हेतू आजच्या हेतूपासून फार दूरचा होता. इतका की, योगाच्या प्रमुख ग्रंथांनी या स्थितीला शतकानुशतके आपल्यात स्थान दिले नाही. हा दुरावा का निर्माण झाला आणि तो कसा मिटला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तपाची मुद्रा

महाकाव्यांत आणि पुराणांत एका पायावर उभे राहणारी पात्रे अनेक आहेत. महाभारताच्या वनपर्वातील मत्स्योपाख्यानात मनू बदरीक्षेत्री हात वर करून एका पायावर उभा राहतो व दहा हजार वर्षे तप करतो. रामायणाच्या उत्तरकांडात बिभीषण पाच हजार वर्षे एका पायावर उभा असल्याचे वर्णन येते. बालकांडातील भगीरथ गंगेचा भार झेलण्यासाठी शंकराला प्रसन्न करून घ्यावयाचे म्हणून पायाच्या अंगठ्याच्या टोकावर एक वर्ष उभा राहतो. वनपर्वातच अर्जुन पाशुपतास्त्राच्या प्राप्तीसाठी हात उंचावून, वायू भक्षण करून, निराधार असा अंगठ्यावर तोल सांभाळतो. वर्षांचे आकडे अर्थातच पुराणातले आहेत. परंतु शरीराची स्थिती मात्र सर्वत्र सारखी व नेमकी सांगितलेली आहे.

या कथांमध्ये उद्योगपर्वातील अंबेची कथा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भीष्माने स्वयंवरातून हरण केलेली आणि त्यानंतर कोणीच न स्वीकारलेली ही राजकन्या यमुनेच्या तीरावर कठोर तप करते व त्यातील एक वर्ष पायाच्या अंगठ्यावर उभी राहून काढते. तिला चित्तशांती नको आहे, मोक्षही नको आहे. तिला भीष्माचा वध हवा आहे. एकपाद स्थिती ही त्या काळी कशासाठी होती, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. शरीराला असह्य होईल अशा अवस्थेत ठेवून जो ताप निर्माण होतो, त्याचे शक्तीत रूपांतर होते आणि त्या शक्तीच्या बळावर देवाकडून वर मिळविता येतो, अशी ही कल्पना आहे. तो वर लोककल्याणासाठी वापरावा की सूडासाठी, हे तप करणाऱ्यावर अवलंबून. म्हणूनच या कथांत ऋषी, राजे आणि राक्षसकुळातील मंडळी एकाच पद्धतीने उभी राहतात.

भागवताच्या चौथ्या स्कंधातील ध्रुवाची कथा थोडी निराळी आहे. पाच वर्षांचा हा बालक तपाच्या पाचव्या महिन्यात श्वास जिंकून एका पायावर उभा राहतो. भागवतकार त्याला 'स्थाणू'ची उपमा देतात. स्थाणू म्हणजे खांब, तसेच फांद्या तुटलेला झाडाचा बुंधा. शिवाचेही ते एक नाव आहे. पुढे या बालकाच्या अंगठ्याच्या दाबाने पृथ्वी एका बाजूला कलते, जशी हत्ती चढलेली नौका त्याच्या पावलागणिक डावीउजवीकडे कलावी तशी. उभ्या माणसाला झाडाच्या बुंध्याची उपमा देणारा आणि तोलाचा विचार इतक्या चित्रमय रीतीने करणारा हा उल्लेख वृक्षासनाच्या कल्पनेच्या पुष्कळ जवळ जातो. तरीही येथे तोल हा साधकाचा प्रश्न नाही. तो स्थिर आहे. तोल जातो तो पृथ्वीचा.

साहित्यातील ही स्थिती प्रत्यक्षातही आचरली जात होती, याला परकीय साक्ष उपलब्ध आहे. इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरची सेना तक्षशिलेस आली, तेव्हा त्याच्याबरोबर असलेल्या ॲरिस्टोब्यूलसने तेथील दोन तपस्व्यांचे वर्णन केले. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. मात्र स्ट्रेबोने आपल्या भूगोलविषयक ग्रंथाच्या पंधराव्या खंडात तो वृत्तान्त उद्धृत केल्यामुळे तो टिकून राहिला. दोघांपैकी वयाने मोठा असलेला तपस्वी उन्हापावसात जमिनीवर उताणा पडून राही. धाकटा सुमारे तीन हात लांबीचे लाकूड दोन्ही हातांनी उंच धरून एका पायावर उभा राही आणि एक पाय थकला म्हणजे दुसऱ्या पायावर भार घेई. असे दिवसभर चाले. पाय बदलण्याचा हा बारकावा महत्त्वाचा आहे. पुराणकारांनी तो कधी सांगितला नसता. प्रत्यक्ष पाहणाऱ्यानेच तो टिपला आहे.

शिल्पातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तमिळनाडूतील मामल्लपुरम येथे आहे. इ. स. च्या सातव्या शतकात पल्लवांच्या काळात सुमारे ९६ फूट रुंद व ४३ फूट उंच अशा प्रचंड शिळेवर जो शिल्पपट कोरला गेला, त्यात बरगड्या उघड्या पडलेला, दाढी वाढलेला एक तपस्वी हात डोक्यावर उंचावून एका पायावर उभा आहे आणि त्याच्या शेजारी शिव वरदमुद्रेत आहे. हा अर्जुन की भगीरथ, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद आहे. या आसनाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्याच शिल्पपटातील दुसरी एक लहानशी आकृती तितकीच मोलाची ठरते. खालच्या बाजूस एक मांजर त्या तपस्व्याप्रमाणेच पुढचे पाय उंचावून उभे आहे आणि त्याच्या भोवती उंदीर जमले आहेत.

हे मांजर शिल्पकाराची लहर नव्हे. उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी पांडवांना जो निरोप धाडतो, त्यात गंगातीरावर हात वर करून तपाचे सोंग करणाऱ्या व विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांना खाणाऱ्या मांजराची गोष्ट येते. पाली जातककथांमधील १२८ व्या कथेत हेच काम कोल्हा करतो. तो सूर्याकडे तोंड करून, जबडा उघडा ठेवून, एका पायावर उभा राहतो. उंदरांनी कारण विचारले असता तो सांगतो की, आपण चारही पाय टेकले तर पृथ्वीला आपला भार सहन होणार नाही. तोंड उघडे आहे, कारण आपण केवळ वारा खातो. ध्रुवाच्या अंगठ्याने कलणारी पृथ्वी आणि या कोल्ह्याच्या भाराने खचू पाहणारी पृथ्वी ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत. एक भक्तीचे, दुसरे उपहासाचे. उपहास होण्याइतकी ही मुद्रा समाजात रूढ झाली होती आणि तिच्या आड भोंदूगिरीही चालत होती, असे यावरून निश्चितपणे म्हणता येते.

टीका केवळ भोंदूंवर होती असेही नाही. मज्झिम निकायातील महासीहनाद सुत्तात बुद्ध स्वतः आचरून सोडून दिलेल्या कष्टप्रद व्रतांची जी यादी सांगतात, तीत आसन नाकारून सतत उभे राहण्याचाही समावेश आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीरातील भूतसमुदायाला पीडा देणाऱ्या तपाला आसुरी व तामस ठरविले आहे. जैन परंपरेने कायोत्सर्गाचा स्वीकार केला. परंतु तो दोन्ही पायांवर. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात अंगावर वेली चढलेला बाहुबली पाहावयास मिळतो. माणसाचे झाड होण्याची ही कल्पना वृक्षासनाहून अधिक शब्दशः आहे. पण तेथे तोलाला काही काम नाही.

आसनग्रंथांचे मौन

पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाचे लक्षण स्थिरता व सुख या दोन शब्दांत सांगितले आहे. व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, सोपाश्रय, पर्यंक अशी जी नावे येतात, ती बसण्याची वा पहुडण्याची आहेत. उभे आसन त्यांत एकही नाही. आसन या शब्दाचा मूळ अर्थच 'बसणे' असा असल्यामुळे हे स्वाभाविक मानावे लागेल. महाराष्ट्रातील परंपराही याच दिशेची आहे. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे अत्यंत तपशीलवार वर्णन आले आहे. त्यात जागा कशी निवडावी, आसन कसे घालावे, मूळबंध कसा साधावा हे सर्व आहे. साधक मात्र आरंभापासून अखेरपर्यंत बसलेला आहे.

हठयोगाच्या ग्रंथांत उभी व तोलाची आसने भरपूर असतील, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या स्वात्मारामकृत हठप्रदीपिकेत एकूण १५ आसने आहेत. मयूरासन व कुक्कुटासन ही हातांवर तोल घेण्याची दोन आसने त्यांत आहेत. एका पायावर उभे राहण्याचे एकही नाही. याच ग्रंथात आसनाचे फळ म्हणून शरीराचे स्थैर्य, आरोग्य व हलकेपणा सांगितला आहे, आणि साधकाने काय टाळावे हे सांगताना पहाटेचे स्नान, उपवास यांबरोबर कायाक्लेशही वर्ज्य ठरविले आहेत.

हा निषेध बारकाईने पाहिला पाहिजे. एका पायावर दीर्घकाळ उभे राहणे हे तत्कालीन समाजाच्या दृष्टीने कायाक्लेशाचे ठळक उदाहरण होते. ज्या ग्रंथाला आरोग्य हवे आहे आणि जो कायाक्लेश निषिद्ध मानतो, त्याने ही स्थिती आपल्या आसनांत घेतली नाही, तर ते विसरल्यामुळे घडले असे मानण्याचे कारण नाही. हठयोग्याला तापसापासून आपले वेगळेपण राखावयाचे होते. अर्थात समाजाच्या नजरेत हे वेगळेपण नेहमीच टिकले असे नाही. सतराव्या शतकात मोगल दरबारात राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात ज्यांना सरसकट योगी म्हटले आहे, त्यांत सात-आठ दिवस न बसता, न झोपता उभे राहणारे आणि त्यामुळे पाय मांडीएवढे सुजलेले साधू आहेत. हे योगी नव्हेत, तापस होत. पण परकीय पाहुण्याने तो भेद करावा, ही अपेक्षाही जास्त आहे. खडेश्वरी साधूंची ही परंपरा अद्याप जिवंत असून कुंभमेळ्यात झोपाळ्यासारख्या आधारावर रेलून उभे असलेले असे साधू दिसतात.

घेरंडसंहितेतील वृक्ष

वृक्षासन आपल्या ओळखीच्या रूपात प्रथम ठळकपणे भेटते ते घेरंडसंहितेत. हा ग्रंथ सामान्यतः इ. स. १७०० च्या सुमाराचा मानला जातो. त्याच्या दुसऱ्या उपदेशात ३२ आसने आहेत व त्यांत वृक्षासनाला एक श्लोक दिला आहे. डाव्या मांडीच्या मुळाशी उजवा पाय ठेवून जमिनीवर झाडाप्रमाणे उभे राहावे, एवढाच त्याचा आशय. हात कोठे ठेवावेत हे सांगितलेले नाही. किती वेळ उभे राहावे, नजर कोठे असावी, हेही सांगितलेले नाही.

लाभाविषयी त्या श्लोकात अवाक्षर नाही. ही बाब सहज नजरेआड होते. परंतु प्रस्तुत विषयात तीच निर्णायक आहे. घेरंडसंहिता लाभ सांगण्यात कृपण नाही. मयूरासनाने जठराग्नी प्रदीप्त होतो व कालकूट विषही पचते, असे तो ग्रंथ सांगतो. भुजंगासनाने देहाग्नी वाढतो व रोग नष्ट होतात, असेही सांगतो. वृक्षासनापाशी मात्र तो कृती देऊन थांबतो. तेव्हा वृक्षासनाच्या लाभांची जी यादी आज या ग्रंथाच्या नावावर खपविली जाते, ती त्यात नाही.

असे असले तरी घेरंडसंहितेने केलेला बदल लहान नाही. या ग्रंथाच्या आरंभी देहाला घटाची उपमा दिली आहे. कच्चा घडा पाण्यात विरघळतो, म्हणून तो योगाच्या अग्नीत भाजून पक्का करावा लागतो. या सप्तांग योगात षट्कर्मांनी शोधन होते, आसनांनी दृढता येते, मुद्रांनी स्थैर्य येते, अशी विभागणी आहे. म्हणजे वृक्षासनासह सर्व आसनांकडून अपेक्षा आहे ती दृढतेची. तापसाचा अग्नी शरीर जाळून त्यातून शक्ती काढू पाहत होता. घेरंडाचा अग्नी घडा टिकावा म्हणून भाजतो. तीच स्थिती आता शरीराच्या बाजूने उभी आहे. वर मागण्यासाठी नव्हे, पुढच्या साधनेला शरीर पुरावे म्हणून. मांडीच्या मुळाशी टेकवलेला पाय हा या बदलाचा दृश्य भाग म्हणता येईल. पुराणातील तपस्वी अंगठ्याच्या टोकावर उभा राहून आपला आधार शक्य तितका कमी करतो; येथे पूर्ण पाऊल जमिनीवर आहे आणि उचललेल्या पायालाही टेकण्यास जागा दिली आहे.

आसनांची नावे व कृती कालांतराने कशा बदलतात, याचा एक नमुना याच ग्रंथात मिळतो. आज गरुडासन म्हणून जे शिकविले जाते, ते एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा वेढा घालण्याचे तोलाचे आसन आहे. घेरंडसंहितेतील गरुडासनात मात्र पोटऱ्या व मांड्यांनी जमीन दाबून गुडघ्यांवर हात ठेवावयाचे आहेत. नाव तेच, शरीर निराळे. त्यामुळे नावाच्या प्राचीनतेवरून कृतीची प्राचीनता सिद्ध होत नाही.

पुण्यातील हस्तलिखित व म्हैसूरचा राजवाडा

उभ्या आसनांचा इतिहास लिहिताना पुण्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. येथील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात कपालकुरंटककृत हठाभ्यासपद्धती या ग्रंथाचे हस्तलिखित आहे. अठराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या ग्रंथात ११२ आसने सहा गटांत मांडली आहेत. उताणे, पालथे, एका जागी स्थिर राहून करावयाचे असे गट असून उभ्या आसनांना त्यात स्वतंत्र गट आहे; दोरीवर करावयाच्या आसनांचाही एक गट आहे. बैठकीभोवती फिरणारी आसनांची कल्पना येथे पूर्णपणे ओलांडलेली दिसते. आखाड्यातील दंड, दोरीचा मल्लखांब आणि ही आसने यांचे नाते अभ्यासकांनी अधिक खोलवर तपासण्यासारखे आहे. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाने तयार झालेल्या श्रीतत्त्वनिधी या सचित्र ग्रंथातील शंभराहून अधिक आसने याच परंपरेतून आलेली आहेत, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. ज्या शतकाला आपण सर्वसाधारणपणे योगविद्येच्या ऱ्हासाचे शतक समजतो, त्याच शतकात आसनांची संख्या व विविधता सर्वाधिक वाढत होती, हे विसरून चालणार नाही.

लाभांची नवी भाषा

विसाव्या शतकात लाभांची भाषा बदलली, आणि तिच्या घडणीत मुंबई, लोणावळा व पुणे या तीन ठिकाणांचा वाटा फार मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योग संस्था स्थापन केली. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. उड्डियान व नौलीच्या वेळी पोटातील दाब किती कमी होतो, हे त्यांनी उपकरणाने मोजले; क्ष-किरण चित्रे घेतली; सर्वांगासनात रक्तदाब तपासला. रोग नष्ट होतो किंवा विष पचते, या जुन्या फलश्रुतीऐवजी स्नायू, मज्जासंस्था, रक्ताभिसरण असे शब्द आसनांना जोडले गेले ते प्रामुख्याने या परंपरेमुळे. कुवलयानंद स्वतः मोजल्याशिवाय बोलत नसत. त्यांच्या नंतरच्या अनेक पुस्तकांनी शब्द घेतले, मोजमाप मात्र घेतले नाही.

वृक्षासनाला आजची प्रतिष्ठा मिळवून दिली ती बी. के. एस. अय्यंगार यांनी. म्हैसूरला तिरुमलै कृष्णमाचार्यांच्या हाताखाली तयार झालेले अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले व पुढे पुणेकरच झाले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइट ऑन योग' या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात २०० आसने आहेत आणि ताडासनानंतर दुसरा क्रमांक वृक्षासनाचा आहे. योग दिनाच्या अभ्यासक्रमातील क्रमही तोच आहे, ही गोष्ट सूचक आहे. अय्यंगारांनी या आसनाचे लाभ अगदी मोजक्या शब्दांत दिले आहेत. पायांच्या स्नायूंना बळकटी येते आणि तोल व ठामपणा येतो, एवढेच ते सांगतात. जगभर या आसनाचा प्रसार करणाऱ्या ग्रंथात इतका संयम असावा आणि पुढच्या पुस्तिकांतून मात्र लाभांची यादी पानभर वाढावी, हा विरोधाभास बोलका आहे.

शारीरिक लाभांविषयी काय म्हणता येते

उभ्या माणसाचा तोल तीन स्रोतांवर अवलंबून असतो. डोळे, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय, आणि स्नायू, कंडरा व सांधे यांतून मेंदूकडे जाणारी स्थितीची संवेदना. दोन्ही पाय जमिनीवर असताना आधाराचे क्षेत्र मोठे असते. एक पाय उचलला की ते एका पावलाएवढे उरते आणि शरीराचा गुरुत्वमध्य त्याच अरुंद क्षेत्रावर राखावा लागतो. हात डोक्यावर नेल्यास गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो व काम अधिक अवघड होते. अशा वेळी घोट्याभोवतीचे स्नायू अखंड लहान लहान दुरुस्त्या करीत असतात. त्याचबरोबर उभ्या बाजूचे नितंबाचे स्नायू कंबर एका पातळीत धरून ठेवतात. ते दुबळे असले तर कंबर उचललेल्या पायाकडे झुकते. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिलेले हे चिन्ह आजही रुग्णतपासणीत वापरले जाते. झाडाप्रमाणे स्थिर दिसणारे हे आसन आतून मुळीच स्थिर नसते. स्थिरता ही येथे सततच्या हालचालीतून मिळते. डोळे मिटले की याचा प्रत्यय लगेच येतो.

या क्षमतेचे महत्त्व उतारवयात कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात. २०२२ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे पाचव्या हिश्शाच्या व्यक्तींना दहा सेकंदही एका पायावर उभे राहता आले नाही, आणि पुढील सुमारे सात वर्षांत या गटातील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय अधिक आढळले. यावरून एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. येथे तोल हा प्रकृतीचा निदर्शक आहे, औषध नव्हे. व्यायामाचा प्रत्यक्ष परिणाम तपासणारा कॉक्रेन आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, आणि तोल व दैनंदिन हालचालींवर भर देणारे व्यायाम यात विशेष उपयोगी ठरतात. वृक्षासन हे अशा व्यायामांच्या जातीचे आहे. त्याच्या एकट्याच्या नावावर हा आकडा लिहिता येत नाही. पण त्या जातीत त्याचे स्थान निश्चित आहे, आणि घराघरांत विनाखर्च पोहोचलेला असा दुसरा प्रकार आपल्याकडे क्वचितच असेल.

आध्यात्मिक अंग

आध्यात्मिक लाभाचा विचार करताना तापसाचा वर आणि साधकाची एकाग्रता यांत गल्लत होऊ देता कामा नये. वृक्षासनाचे फळ म्हणून कोणत्याही सिद्धीचा उल्लेख घेरंडसंहितेत नाही. तरीही या आसनात लक्ष एकवटण्याला एक विशेष अनुकूलता आहे, आणि ती त्याच्या रचनेतूनच येते. पद्मासनात बसलेल्या माणसाचे मन भटकले, तर बाहेरून कोणास कळत नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही उशिरा कळते. वृक्षासनात नजर बिंदूवरून ढळली किंवा मन दुसरीकडे गेले, की घोटा डळमळतो व पाय खाली येतो. विक्षेपाची सूचना येथे शरीरच तत्काळ देते. नजर एका ठिकाणी स्थिर करण्याची ही युक्ती षट्कर्मांतील त्राटकाशी मिळतीजुळती आहे. श्वास रोखून धरला तरी शरीर ताठरते व तोल जातो, त्यामुळे श्वास सहज ठेवण्याचे शिक्षणही आपोआप मिळते. धारणेची ही प्राथमिक शाळा आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही; तिला समाधीची पायरी म्हणणे हे मात्र ग्रंथांच्या आधाराला सोडून होईल.

सरावाच्या दृष्टीने काही गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. तळवा मांडीच्या मुळाशी पोहोचत नसेल तर तो पोटरीवर टेकवावा. गुडघ्याच्या सांध्यावर मात्र बाजूने दाब देऊ नये. चक्कर येण्याचा विकार असणाऱ्यांनी, तसेच घोटा किंवा गुडघा नुकताच दुखावलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे आसन करू नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांना हात डोक्यावर न नेता छातीसमोर जोडण्यास सांगितले जाते. वृद्धांनी भिंतीजवळ उभे राहून तिला बोटांची टोके लावून आरंभ करावा व आधार हळूहळू कमी करावा. कायाक्लेश वर्ज्य मानणाऱ्या हठयोग्यांना या आधारात वावगे काही वाटले नसते. दोन्ही बाजूंनी समान वेळ करावे, ही सूचना तर आज प्रत्येक योगवर्गात दिली जाते. तक्षशिलेच्या त्या तरुण तपस्व्यालाही एक पाय थकल्यावर दुसऱ्या पायावर यावे लागत होते.